ओळंबा आणि जामीन : प्राचीन रोमन समाजातील बांधकामाचे मक्ते

घर बांधावयाचे किंवा जुन्या घराची डागडुजी करावयाची, आणि त्यासाठी विश्वासू मक्तेदार शोधावयाचा, हा प्रश्न वाटतो तितका केवळ खाजगी स्वरूपाचा नाही. ज्याला बांधकाम कळत नाही त्याने, ज्याला ते कळते त्याच्या हाती आपला पैसा आगाऊ द्यावयाचा; आणि कामाचा बरेवाईटपणा मात्र भिंत उभी राहून तिच्यावर गिलावा चढल्यानंतर, म्हणजे आतले काहीच दिसेनासे झाल्यावर, ठरवावयाचा, अशी ह्या व्यवहाराची मूळ घडणच आहे. प्राचीन समाजांपैकी रोमन समाजाने ह्या अडचणीसंबंधी जितके तपशीलवार लिहून ठेवले तितके फार थोड्यांनी ठेवले असेल. मात्र ही साधने विखुरलेली आहेत. त्यांत एक शिलालेख आहे, शेतीवरील एक ग्रंथ आहे, एका खटल्याचे भाषण आहे, भावाने भावाला लिहिलेली पत्रे आहेत आणि विधिज्ञांची मते आहेत. ही सर्व एकत्र वाचली असता असे दिसून येते की, मक्तेदाराच्या शीलाची पारख करीत बसण्यापेक्षा त्याला कराराने बांधून घेण्यावर रोमनांचा भर होता. पण त्यामुळे विश्वासाचा प्रश्न संपला नाही. तो मक्तेदाराकडून निघून, त्याचे काम तपासणाऱ्याकडे सरकला.

ह्या साधनांपैकी सर्वांत स्पष्ट म्हणजे पुतेओली येथील शिलालेख. नेपल्सजवळच्या ह्या बंदराचे आजचे नाव पोत्सुओली असून तो लेख नेपल्सच्या संग्रहालयात आहे. लेखातील करार इ. स. पू. १०५ मधील आहे. हाती असलेला दगड बहुधा नंतरच्या काळात पुन्हा कोरलेला असावा. काम अगदीच लहान. सेरापिस देवतेच्या मंदिरासमोर, रस्त्यापलीकडे जी भिंत होती तिच्यात दार पाडावयाचे व दारावर छोटे छत घालावयाचे. परंतु एवढ्याशा कामासाठी जो मजकूर कोरला गेला आहे तो वाचून आजच्या एखाद्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कारकुनालाही समाधान वाटावे. दार सहा फूट रुंद व सात फूट उंच असावे. उत्तरंग ओकच्या लाकडाचा व आठ फूट लांब असावा. चुन्याच्या मिश्रणात विझवलेल्या चुन्याचे प्रमाण एकचतुर्थांश असावे. भरावाचा कोणताही दगड कोरडा असताना पंधरा रोमन पौंडांहून, म्हणजे सुमारे पाच किलोग्रॅमहून, जड नसावा. ही शेवटची अट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मोठे धोंडे टाकून भिंतीचे पोट लवकर भरता येते आणि गिलाव्यामागे ते कोणाला दिसत नाहीत. अट लिहिणाऱ्याला गवंड्याची ही युक्ती चांगलीच ठाऊक असली पाहिजे.

मक्ता घेणाऱ्याचे नाव गायुस ब्लोसियुस, आणि रक्कम १,५०० सेस्टर्स. ब्लोसियुस स्वतःच आपल्या कामाचा जामीन आहे असे लेखात नमूद असून त्याच्याखाली आणखी चौघांची नावे दिलेली आहेत. जामिनकी केवळ शब्दाची नव्हती. जामिनांनी आपली स्थावर मिळकत गहाण म्हणून नोंदवावयाची होती. पैसे देण्याची रीतही ह्याच नोंदणीशी जोडलेली होती. मिळकत समाधानकारकपणे नोंदली गेली की निम्मी रक्कम मिळावयाची. उरलेली निम्मी काम पुरे होऊन पसंत ठरल्यावर. पसंतीचा अधिकार नगराच्या दोन अधिकाऱ्यांस होता, पण त्यांनी तो एकट्याने वापरावयाचा नव्हता. पूर्वी त्या पदावर राहिलेल्यांपैकी निदान वीस जण शपथपूर्वक हजर असतील तेव्हाच काम मंजूर किंवा नामंजूर करावयाचे होते. दीड हजार सेस्टर्सच्या दरवाजासाठी वीस माजी अधिकारी! ह्या संख्येचे आज हसू येईल. परंतु ज्याने ती अट घातली त्याला मक्तेदाराइतकाच परीक्षकाचाही संशय होता, हे तिच्यावरून उघड होते.

हाच नमुना रोम शहरात मोठ्या प्रमाणावर चालत असे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस ह्याने इ. स. पू. दुसऱ्या शतकात रोमन राज्यघटनेचे वर्णन करताना सार्वजनिक इमारतींच्या बांधणीचे व दुरुस्तीचे मक्ते सेन्सॉर हे अधिकारी देत असत असे सांगितले आहे. कोणी स्वतः मक्ता घेई, कोणी त्यात भागीदार होई, कोणी जामीन राही, कोणी जामिनासाठी मिळकत गुंतवी; ह्या जाळ्यात नसलेला माणूस रोममध्ये जवळजवळ नव्हताच, असा त्याचा अभिप्राय आहे. ह्याचा अर्थ जामिनकीमुळे मक्तेदाराच्या ओळखीपाळखीची माणसेच त्याच्यावर पहारा ठेवीत. ब्लोसियुसची चौकशी नगराने केली असेल वा नसेल. पण त्याच्या चार जामिनांनी आपली जमीन गुंतविण्यापूर्वी ती नक्कीच केली असणार. रोमन व्यवस्थेतील चातुर्य इथेच आहे. माणसाची पारख करण्याचे काम, ज्यांना ती सहज करता येईल आणि चुकल्यास ज्यांचेच नुकसान होईल, अशांवर तिने टाकले.

खाजगी घरमालकाला मात्र एवढा सरंजाम उभा करणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी काय सोय होती, ह्याचे सर्वांत जुने उत्तर ज्येष्ठ केटोच्या शेतीवरील ग्रंथात सापडते. केटो इ. स. पू. १८४ मध्ये सेन्सॉर होता. त्या वर्षी त्याने सरकारी बांधकामांचे मक्ते इतक्या कमी दराने दिले की मक्तेदारांनी सीनेटपुढे रडारड केली आणि सीनेटने मक्ते नव्याने देण्याचा हुकूम केला, असे लिव्ही सांगतो. केटोनेही हार मानली नाही. आधीच्या मक्त्यांची थट्टा करणाऱ्यांना त्याने नव्या लिलावातून वगळले आणि रकमा थोड्याच बदलून मक्ते पुन्हा दिले. असा हा कठोर हिशेबी माणूस. शेतावरचे घर बांधून घेण्याविषयी तो जे सांगतो त्यात मक्तेदाराने काय काय करावयाचे ह्याची लांबलचक यादी आहे. भिंती, खांब, तुळया, दारे, खिडक्या, गोठे, चूल, येथपासून हातमागापर्यंत सर्व तिच्यात येते. मालाचा भार मालकावर आहे. लाकूड, दगड, चुना, वाळू, पाणी, गवत आणि माती त्याने द्यावयाची, शिवाय एक करवत आणि एक सूतही द्यावयाचे. मोबदला छपरावरच्या कौलांच्या संख्येवर ठरतो, आणि तुटके कौल कसे मोजावे, पन्हळीचे कौल किती धरावे, ह्याचेही नियम दिलेले आहेत. ही पद्धत साधी असली तरी फसवणुकीला वाव न देणारी आहे. ज्याला बांधकामातले काही कळत नाही त्यालाही खाली उभे राहून कौले मोजता येतात.

परंतु केटोच्या ह्या प्रकरणातील अर्थपूर्ण शब्द वेगळाच आहे. दर सांगताना तो अशी पुस्ती जोडतो की हा दर चांगल्या मालकासाठी आहे, म्हणजे जो लागेल ते साहित्य वेळेवर देतो आणि सचोटीने पैसे चुकते करतो अशा मालकासाठी. जागा रोगट असेल व उन्हाळ्यात काम करता येत नसेल, तर चांगल्या मालकाने एकचतुर्थांश अधिक द्यावे असेही तो म्हणतो. मक्तेदार विश्वासू आहे काय असे सर्वच विचारतात. मक्तेदाराच्या दृष्टीने मालक विश्वासू आहे काय, हा प्रश्न केटोसारख्या कंजूष म्हणून ख्यात असलेल्या जमीनदाराने कराराच्या मजकुरात आणावा हे नवल आहे. त्याचे कारण औदार्य नसून हिशेब असावा. जो मालक साहित्य अडवितो आणि पैसे बुडवितो अशी ज्याची ख्याती, त्याला मक्तेदार चढा दर सांगणारच. घर स्वस्तात बांधून घ्यावयाचे तर आपल्यालाही पत असावी लागते, एवढा व्यवहार केटोला कळत होता.

ह्यानंतरचे प्रमुख साधन म्हणजे सिसेरो. योगायोग असा की ह्या एकाच माणसाच्या लेखनात ओळंबा दोनदा येतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ अगदी उलट आहे.

पहिला प्रसंग व्हेरेसच्या खटल्यातील. फोरममधील कॅस्टरच्या मंदिराच्या देखभालीचा मक्ता पुब्लियुस युनियुस नावाच्या माणसाकडे होता. तो वारला आणि मागे एक अज्ञान मुलगा राहिला. मक्त्याच्या नियमानुसार मंदिर सुस्थितीत पुढच्या मक्तेदाराच्या हवाली करावयाचे होते. मंदिर सुस्थितीत होतेही, आणि ते ताब्यात घेणाराही त्यावर संतुष्ट होता. इ. स. पू. ७४ मध्ये ही तपासणी प्रीटर ह्या नात्याने व्हेरेसकडे आली. मुलाच्या वारसाहक्कातून काही उकळता येईल ह्या आशेने तो मंदिरात गेला, सगळीकडे फिरला, पण खोट काढण्याजोगे काही दिसेना. तेव्हा त्याच्या बगलबच्च्यांपैकी एकाने सुचविले की खांब ओळंब्यात आहेत काय हे पाहावे. व्हेरेसला ओळंबा म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते, असे सिसेरो म्हणतो. ओळंबा सोडून पाहिले तर कोणताही खांब तंतोतंत सरळ असणे जवळजवळ अशक्य, हे कळताच त्याला हवे ते सापडले. खांब सरळ करण्याचे काम मुलाच्या खर्चाने ५,६०,००० सेस्टर्सना देण्यात आले. मुलाचे पालक तेच काम ८०,००० मध्ये करून देण्यास तयार होते, परंतु त्यांना मक्ता मिळू नये अशी अट मुद्दाम घालण्यात आली होती. प्रत्यक्षात काय झाले? काही खांब उतरवून त्याच दगडांनी पुन्हा उभे केले गेले आणि त्यांवर पांढरा रंग फासला गेला.

ही हकीगत फिर्यादीची आहे हे विसरून चालणार नाही. शिवाय ज्या भाषणात ती येते ते इ. स. पू. ७० मध्ये न्यायालयात कधी केलेच गेले नाही. पहिल्या सुनावणीनंतर व्हेरेस रोम सोडून गेला आणि उरलेला मजकूर सिसेरोने लिहून प्रसिद्ध केला. तेव्हा रकमांत व टोमण्यांत अतिशयोक्ती असेल. तरी पण कामाच्या तपासणीत फसवणूक कशी होते ह्याची तीत सांगितलेली रीत पटण्यासारखी आहे. जामीन होते, लेखी अटी होत्या, तपासणीची तरतूद होती. ह्यांपैकी एकही गोष्ट मोडावी लागली नाही. ज्याच्या हाती ओळंबा दिला तोच चोर निघाला, एवढेच घडले. पुतेओलीच्या वीस माजी अधिकाऱ्यांचे प्रयोजन येथे कळते.

दुसरा प्रसंग सोळा वर्षांनंतरचा, इ. स. पू. ५४ च्या सप्टेंबरातील. सिसेरोचा भाऊ क्विंतुस सीझरच्या सैन्यात होता आणि त्याच्या गावाकडील अनेक मिळकतींवर बांधकामे चालू होती. भाऊ दूर असल्याने ती पाहण्याची जबाबदारी सिसेरोवर आली. आर्पिनुमच्या बाजूला फिरून त्याने जे सविस्तर पत्र लिहिले ते प्राचीन काळातील घरबांधणीसंबंधीचे कदाचित सर्वांत जिवंत साधन होय. एका वाड्यावर डिफिलस नावाचा माणूस काम करीत होता. तो नेहमीच संथ. ह्या खेपेस स्वतःहूनही संथ झालेला आढळला, असे सिसेरो लिहितो. स्नानगृह, फिरण्याची जागा आणि पक्ष्यांचे घर एवढे व्हावयाचे होते. फरसबंदी चांगली होती. काही कमानदार छते पसंत पडली नाहीत म्हणून बदलण्यास सांगितले. घाम काढण्याच्या खोलीचा धूर-वाफेचा मार्ग झोपण्याच्या खोल्यांखाली येत होता, तेव्हा ती खोली दुसऱ्या कोपऱ्यात हलविण्यात आली. आणि खांब? ते सरळही नव्हते आणि समोरासमोरही नव्हते. डिफिलसने ते अर्थातच पाडून टाकावे, आणि कधीतरी ओळंबा व सूत वापरण्यास शिकावे, असा शेरा सिसेरोने मारला आहे. व्हेरेसच्या तोंडी हास्यास्पद ठरविलेली कसोटी येथे तो स्वतःच लावतो. ह्यात विसंगती मुळीच नाही. कसोटी तीच असून ती लावणाऱ्याचा हेतू तेवढा पालटलेला आहे.

त्याच पत्रातील दोन तपशील आणखी सांगण्यासारखे आहेत. मेस्किदियुस नावाचा माणूस एका शेतावर पाणी आणीत होता. फुटामागे तीन सेस्टर्स असा आपला क्विंतुसशी ठराव झाला आहे, आणि अंतर आपण मोजले असता तीन हजार पावले भरले, असे त्याने सांगितले. रोमन पाऊल पाच फुटांचे. म्हणजे मक्ता ४५,००० सेस्टर्सचा. सिसेरोला ते अंतर त्याहून अधिक वाटले. फुटावर पैसे घेणारा माणूस, पाहणाऱ्याच्या डोळ्याला वाटते त्याहून कमी लांबी सांगतो, ही विश्वासूपणाची खूण नव्हे तर काय? दुसरीकडे, एका नव्या रस्त्याचे त्याने सरकारी रस्त्याशी तुलना करण्याइतके कौतुक केले. मात्र एका छोट्या पुलापासून पुढचे १५० पावलांचे अंतर त्याने स्वतः चालून मोजले, कारण तेथे खडीऐवजी नुसती धूळमाती टाकलेली होती. रोमचा माजी कॉन्सल उन्हात पावले मोजीत चालला आहे, हे चित्र जामीनखतापेक्षा अधिक बोलके आहे. खाजगी मालकाजवळ शेवटी स्वतःचे पाय आणि डोळे हीच हमी होती.

ह्याच ठिकाणी एक दुःखद उल्लेख ओघात येऊन जातो. कामासाठी वेनाफ्रुमहून किलो नावाच्या माणसाला बोलावले होते. पण नेमके त्याच दिवशी तेथील एका भुयारात त्याचे चार गुलाम सहकारी व शिकाऊ गडी दडपून मेले. सिसेरो एका वाक्यात हे सांगून पुढे जातो. करारांच्या आणि जामिनांच्या सर्व चर्चेत ह्या चौघांना कोठेही स्थान नाही, हे अभ्यासकाने नोंदवून ठेवावे.

चांगला माणूस शोधावयाचा कसा, ह्या प्रश्नाला सिसेरोच्या वर्तुळात मुख्य उत्तर म्हणजे ओळख. कायरस हा वास्तुतज्ज्ञ त्याच्या विशेष भरवशाचा. तो सिसेरोचे व क्विंतुसचे काम करीत असे, आणि त्यांचा हाडवैरी क्लोदियुस ह्याच्याशीही त्याचा तितकाच निकट संबंध होता. इ. स. पू. ५२ मध्ये मृत्युसमयी त्याने दोघांनाही आपले वारस नेमले होते. ज्या दोन माणसांचे राजकारणात एकमेकांचे तोंड पाहणे होत नव्हते, त्यांचा एका बांधकामवाल्यावर मात्र सारखाच विश्वास होता! असे मक्तेदार सर्वांनाच लाभत नसत. इ. स. पू. ५६ मध्ये रोममधील घराच्या कामाबाबत लोंगिलियुस ह्या मक्तेदाराला सिसेरोने तगादा लावला, आणि आपल्याला खूष करण्याची त्याची इच्छा दिसली एवढे समाधान भावाला कळविले. इच्छा दिसली, ह्यापलीकडे त्याच्याजवळही सांगण्यासारखे काही नव्हते. स्वतःच्या मिळकतीविषयीही तो निर्धास्त नव्हता. इ. स. पू. ४४ मध्ये पुतेओली येथील त्याची दोन दुकाने कोसळली आणि बाकीच्यांना तडे गेले. भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा स्थलांतर करून गेले, असा विनोद त्याने त्यावर केला आहे.

शोधाचा प्रश्न तात्त्विक पातळीवर नेला तो व्हिट्रूव्हियसने. ऑगस्टसच्या काळात लिहिलेल्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की इतर वास्तुतज्ज्ञ कामासाठी दारोदार विनवण्या करीत फिरतात. आपल्या गुरूंनी मात्र काम मागू नये, मालकाने विनंती केल्यावरच ते हाती घ्यावे असे शिकविले. पूर्वीचे लोक माणूस निवडताना आधी त्याचे घराणे पाहत आणि मग त्याचे शिक्षण. ती विद्याही बाप मुलाला किंवा नातलगाला देई. आता अडाण्यांनीच ह्या व्यवसायाचा डंका पिटल्यामुळे, जे गृहस्थ पुस्तके वाचून स्वतःच घर बांधतात त्यांना दोष देता येत नाही, असे त्याचे मत आहे. घराण्यावरून माणूस ओळखण्याची ही भाषा आपल्याकडे अपरिचित नाही. तिच्यात धंद्याचा मत्सरही मिसळला असेल, हे गृहीत धरावयास हरकत नाही.

त्याने नोंदलेला एफेससचा जुना नियम मात्र अधिक मोलाचा आहे. त्या ग्रीक नगरात सार्वजनिक काम स्वीकारणाऱ्याने खर्चाचा अंदाज आधी द्यावयाचा, आणि काम संपेपर्यंत त्याची मिळकत अधिकाऱ्याकडे गहाण राहावयाची. अंदाज खरा ठरला तर त्याचा सन्मान होई. खर्च एकचतुर्थांशापर्यंत वाढला तर वाढीव रक्कम नगर देई व दंड नसे. त्याहून वाढला तर वरचा पैसा त्याच्या मिळकतीतून वसूल होई. असा कायदा रोमन लोकांत, आणि तोही खाजगी घरांसाठी, असता तर बरे झाले असते, अशी हळहळ व्हिट्रूव्हियस व्यक्त करतो. ह्या नियमाचे मर्म असे की तो अंदाज चुकणारच हे मान्य करतो, आणि प्रामाणिक चूक व लबाडी ह्यांच्यामध्ये एक आकडा उभा करतो.

रोममध्ये असा आकडा नव्हता; पण प्रश्न होताच. ऑगस्टसच्याच काळातील विधिज्ञ लाबिओ ह्याच्या नावावर पुढील प्रकरण नोंदलेले आहे. एकाने दुसऱ्याला घर बांधण्यास किती लागेल ते हिशेब करून सांगण्यास सांगितले. त्याने दोनशेचा अंदाज दिला. त्यावर ठराविक मोबदल्याने काम त्यालाच मिळाले व शंभर आगाऊ देण्यात आले. पुढे मालकाला कळले की घर तीनशेच्या खाली होणे नाही. तोपर्यंत आगाऊ पैशांतील काही भाग खर्च झाला होता. मालकाने काम बंद करण्यास सांगितले. आणि न ऐकल्यास आगाऊ रकमेतील शिल्लक परत मिळण्यासाठी कराराचा दावा त्याला लावता येईल, असे लाबिओचे मत. अंदाज दीडपटीने फसला, म्हणजे एफेससची मर्यादा केव्हाच ओलांडली होती. तरी ह्या तोडग्याने मक्तेदाराला शिक्षा होत नाही. फसवणूक वेळेवर लक्षात आलेल्या मालकाला बाहेर पडण्याची वाट तेवढी मिळते. बांधून झाल्यावर जागा होणाऱ्याला तीही नाही.

दुसऱ्या शतकात वक्ता फ्रोंतो पायाच्या दुखण्याने अंथरुणावर असताना नवी स्नानगृहे बांधण्याचा बेत करीत होता. अनेक बांधकामवाले चर्मपत्राच्या तुकड्यांवर निरनिराळे आराखडे काढून त्याच्यापुढे बसले होते. त्याने एक निवडला व खर्च विचारला. सुमारे ३,००,००० सेस्टर्स, असे उत्तर आले. जवळ बसलेल्या एका मित्राने त्यावर, आणखी पन्नासएक हजार धरा, असे म्हटले. हा किस्सा सांगणाऱ्या औलुस गेल्लियुसला स्नानगृहांत रस नाही. मित्राने 'एक' ह्या अर्थी जो लॅटिन शब्द वापरला तो शिष्टसंमत आहे की नाही ह्यावर मंडळी वाद घालू लागतात आणि स्नानगृह बाजूलाच राहते. तथापि मित्राचा आकडा हिशेबाने पाहिला तर तो मूळ अंदाजाच्या एकषष्ठांश होतो. घर बांधून घेणाऱ्या अनुभवी माणसाला अंदाजावर किती चढवावे ह्याचा आडाखा ठाऊक होता, आणि तो एफेससच्या मर्यादेच्या आतच होता.

विश्वास चुकला म्हणजे काय घडते ह्याचे टोकाचे उदाहरण इ. स. २७ चे. रोमजवळच्या फिदेनाए येथे आतिलियुस नावाच्या मुक्त गुलामाने ग्लॅडिएटरांच्या झुंजींसाठी लाकडी प्रेक्षागार उभारले. पाया भक्कम जमिनीवर घातला नाही आणि लाकडांचे सांधे घट्ट बांधले नाहीत. त्याच्यापाशी ना संपत्तीची रेलचेल होती ना लोकप्रियतेची हाव. केवळ पैशासाठी हे काम अंगावर घेतले होते, असे टॅसिटस सांगतो. गच्च भरलेली इमारत कोसळून मेलेले व जायबंदी झालेले मिळून ५०,००० होते असा त्याचा आकडा आहे. सुएटोनियस २०,००० हून अधिक मेले असे म्हणतो. दोन्ही आकडे जपूनच घ्यावयाचे. सीनेटने त्यावर केलेला ठराव महत्त्वाचा आहे. ज्याची मालमत्ता ४,००,००० सेस्टर्सहून कमी आहे त्याने असे खेळ करू नयेत, आणि जमिनीचा भक्कमपणा पाहिल्यावाचून प्रेक्षागार बांधू नये. दुसरी अट कामाची आहे. पहिली पुन्हा त्याच जुन्या रोमन समजुतीची: ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे त्याच्यावरच भरवसा ठेवावा. आतिलियुस हद्दपार झाला.

परीक्षकाचा प्रश्न मात्र विधिज्ञांनी हळूहळू हाताळला. काम मालकाच्या पसंतीस उतरले पाहिजे अशी अट करारात असेल, तर ती पसंती म्हणजे मालकाची लहर नसून सज्जन माणसाचा निर्णय समजावा. पसंतीचा अधिकार तिसऱ्या कोणाला दिला असेल तरीही हाच नियम, असे तिसऱ्या शतकातील पाउलुस सांगतो. कॅस्टरच्या मंदिरात ओळंबा सोडणाऱ्या प्रीटरविरुद्ध युनियुसच्या मुलाला ह्या तत्त्वाचा आधार मिळता तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. नुकसानीची जोखीमही विभागली गेली. फ्लोरेंतिनुसच्या मते एकमुस्त मक्त्यातील काम पसंत होईपर्यंत मक्तेदाराच्या जोखमीवर, आणि फुटांवर घेतलेले काम मोजले जाईपर्यंत. भूकंपाने अर्धवट घर पडले तर तो भार मालकाचा, असे साबिनुसचे मत नोंदलेले आहे. ही सर्व मते इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियनच्या संग्रहात एकत्र आली. त्यापूर्वी इ. स. ३८५ च्या एका राजाज्ञेने सार्वजनिक कामे करणाऱ्यांना व त्यांच्या वारसांना काम पुरे झाल्यापासून पंधरा वर्षे जबाबदार धरले होते. गिलाव्यामागचे दगड पंधरा वर्षांत बोलू लागतात, हे कायद्याने ओळखले.

सज्जन परीक्षक प्रत्यक्षात मिळतो कोठे, ह्याला मात्र कायद्यात उत्तर नव्हते. इ. स. ११० च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार म्हणून गेलेल्या धाकट्या प्लिनीने सम्राट त्राजानकडे एक मोजणीदार पाठविण्याची विनंती केली. प्रुसा येथील सार्वजनिक कामांची प्रामाणिकपणे मोजणी झाली तर कामांच्या व्यवस्थापकांकडून बरीच रक्कम परत मिळेल असा त्याचा अंदाज होता. त्राजानने उत्तर दिले की रोममध्ये व जवळपास चाललेल्या कामांनाच मोजणीदार पुरत नाहीत. विश्वास ठेवण्याजोगी माणसे प्रत्येक प्रांतात असतात, नीट शोध केला तर सापडतील. पुढे निकाइया येथील नाट्यगृह पुरे होण्यापूर्वीच खचू लागले व त्याला तडे गेले. तोपर्यंत त्यावर एक कोटीहून अधिक सेस्टर्स खर्च झाले होते. प्लिनीने आता वास्तुतज्ज्ञ मागितला. ह्या खेपेसही तो मिळाला नाही. असे लोक रोमहून पाठविणे जवळचे पडेल असे समजू नये, रोमलाच ते ग्रीसमधून येत असतात, असे त्राजानने त्याला कळविले.